भिंतीवरचं तोंड

“कुनी इस्वास ठेवला न्हाई, बाबा. एकानंबी न्हाई. घसा फाटंस्तवर वरडले मी. आता तुमीच सांगा, ह्यात माजं काय चुकलं?”

सुंद्राबाईनं असं विचारलं आणि कमरेवरची काथवट मठाच्या ओट्यावर आदळली.

मंगळनाथ उलथन्यानं करपलेला तवा खरवडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“काथवट फुटेल,” ते म्हणाले.

“फुटू दे. मानूस गेलं, काथवटीचं काय घिऊन बसलाय.”

तवा खरवडल्याचा आवाज येत राहिला.

सुंद्रा झारेकऱ्यांची. नदीच्या अलीकडं त्यांची तीसेक घरं. सराफकट्ट्यावरच्या दुकानांपुढचा केर झाडून आणायचा, सोनारांच्या मोऱ्यांतला गाळ उपसायचा, आणि तो नदीवर नेऊन काथवटीत धुवायचा, हा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. काथवट म्हणजे लाकडाची उथळ परात. पाणी घ्यायचं, हलवायचं, सांडायचं. हलकं असेल ते वाहून जातं, जड असेल ते तळाशी बसतं. सोनाराच्या कानशीखालून उडालेला कण असा शेवटी झारेकरणीच्या बोटाला लागतो.

बायका त्यात मुरलेल्या. सुंद्रा तर अशी, की मूठभर गाळ हातात घेऊन सांगायची, ह्यात आहे की नाही. तिला आपल्या हाताची घमेंड होती. नसायला काही कारणही नव्हतं.

“सूर्य कलला की वस्ती येतीया हितं,” ती म्हणाली. “तुमी नाव घ्यायचं. आनि त्या भिंतीवर तायाप्पाचं तोंड काढायचं. तेवढंच मागनं हाय माजं.”

ओट्यामागच्या भिंतीवर एक जुनं चित्र होतं. पोट फुगलेला एक माणूस उताणा पडलाय, यमाच्या दोघा दूतांनी त्याचे हात दाबून धरलेत, आणि तिसरा त्याच्या घशात वितळलेलं सोनं ओततोय. लोभ्याची शिक्षा. मठ बांधला तेव्हा त्या माणसाला कुणा सरदाराचं तोंड होतं म्हणतात, पागोट्यासकट. पुढं ते एका सावकाराचं झालं, गालावरच्या चामखिळीसकट. आता होतं ते वाळूच्या ठेकेदाराचं, डोळ्यांवर चष्मा. धड तेच, पोट तेच, सोनं तेच. तोंड तेवढं खरवडायचं आणि कोळशानं नवं काढायचं.

बाहेरच्या माणसाचं तोंड तिथं गेलं तर वस्ती त्याच्या दारात पाऊल टाकत नसे. आतल्या माणसाचं गेलं तर त्यानं त्याच दिवशी काथवट फोडायची आणि बायकापोरांसकट वस्ती सोडायची.

नाव मंगळनाथ घ्यायचे. कानात जाड मुद्रा घालणारा हा जोगी चाळीस वर्षं त्या मठात होता, आणि चाळीस वर्षांत त्याच्या शब्दापुढं कुणी दुसरा शब्द काढला नव्हता.

दर अमावस्येला ते ह्याच भिंतीपुढं बसून गोष्टी सांगायचे. धान्याच्या कोठारावर सोनं रचत गेलेल्या आणि त्याच सोन्यावर उपाशी मेलेल्या राजाची. भावाला विहिरीत उतरवून दोर कापणाऱ्या वाण्याची. देवाचे डोळे काढून विकणाऱ्या पुजाऱ्याची. बायका माना डोलवायच्या. सुंद्रा सगळ्यांत जास्त. ऐकताना तिला शेजारपाजारचं कुणी ना कुणी हटकून आठवायचं.

आज वस्तीतलाच तायाप्पा आठवत होता.

“काय आणलंस काथवटीत?” मंगळनाथांनी विचारलं.

सुंद्रानं काथवटीतलं फडकं उलगडलं. आत काळा, वाळत आलेला गाळ होता. ओंजळभर.

“मल्हारीच्या अंगावरचा,” ती म्हणाली. “पायाचा, धोतराचा. नखांतलाबी काडला मी. आज तिसरा दिस.”

काम करता करता कुणी मेलं, की त्याच्या अंगावरचा गाळ तिसऱ्या दिवशी त्याच्या रक्ताच्या माणसानं धुवायचा आणि तळाशी जे राहील ते त्याच्या राखेबरोबर नदीत सोडायचं. ते कुणी घरात ठेवत नाही. मल्हारी सुंद्राचा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो रांगत होता. त्याला भाकरी कुस्करून तिनंच भरवली होती.

“त्याच्या बायकोनं का नाही आणला?”

“ती बोलत न्हाई माज्यासंगं. माज्या हातचं पानीबी घेत न्हाई.”

“का?”

“खुळी हाय. रडून रडून डोकं फिरलंय तिचं.”

मंगळनाथांनी तवा बाजूला ठेवला. उलथनं मात्र हातातच राहिलं.

“इथंच धू,” ते म्हणाले.

मठाच्या अंगणात दगडाची डोणी होती, गुरांना पाणी पाजायची. सुंद्रानं काथवट तिच्या काठावर टेकवली, तांब्याभर पाणी ओतलं. गाळ फुगला, सैल झाला. नाल्याचा, शेवाळाचा आणि कशाचा तरी गोडसर वास आला. तिला तो वास ओळखीचा होता. तिनं तोंड फिरवलं.

“कुणामुळं गेला?” मंगळनाथांनी विचारलं.

“सांगतीया काय मगाधरनं. तायाप्पामुळं.”

“मग नाव घे आणि हलव.”

“हे काय आनिक?”

“तू रोज करतेस तेच. हलकं असेल तर जाईल.”

सुंद्रानं नाक उडवलं. पण बांगड्या मागं सारल्या आणि काथवट धरली.

“तायाप्पा,” ती म्हणाली आणि हलवलं. काळं पाणी काठावरून सांडलं. “जुन्या आटणीचा हौद त्यानंच उघडला. फरशी त्यानंच उचलली. मल्हारीला त्यानंच नेला.”

सराफकट्ट्यामागं संस्थानच्या काळातली आटणी होती. तिथं पूर्वी दागिने आणि मोहरा वितळायच्या. आता नुसत्या भिंती उरल्या होत्या, आणि जमिनीखाली एक हौद. शंभर वर्षांचं धुवण त्या हौदात मुरलं होतं.

“तायाप्पानं मल्हारीला आत ढकललं?”

“ढकललं न्हाई.”

“मग?”

“मल्हारीच उतरला. ह्यानं वरनं दोर धरला. मल्हारी खाली जाऊन एकदा खोकला. दुसऱ्यांदा खोकला… मग खोकला न्हाई.”

“आणि तायाप्पा पळाला.”

“व्हय, पळाला.”

मंगळनाथांनी तिच्याकडं पाहिलं.

“काल तो इथं आला होता,” ते म्हणाले. “दोन्ही तळहात सोललेत. हाड दिसतंय एका बोटाचं. दोर सोडला असता तर तळहात शाबूत राहिले असते.”

सुंद्राला दिसलं होतं ते. तायाप्पा फरशीवर उताणा पडून टाचा रोवून ओढत होता, आणि ओढताना लहान पोरासारखा रडत होता. मल्हारीला वर काढला तो त्यानंच. उशीर झाला होता, एवढंच.

“बायकोला आठवा लागलाय त्याच्या,” मंगळनाथ म्हणाले. “आज संध्याकाळी चालत कुठवर जाईल ती?”

“ते मला काय विचारता? मी सांगत हुते, उतरू नका. वाफ हाय. फरशी उचलल्यावर दिवा सोडला हुता मी आत, इझला. माजंच डोस्कं गरगरलं. पळत आले, वस्तीला सांगितलं. हसली समदी. तायाप्पा म्हनला, ह्या बाईची वाफ आपल्याला ठावं हाय.”

“हं.”

“त्यो तसं बोलला म्हनून मल्हारी उतरला.”

“तायाप्पा गेला का वाहून?”

“काय?”

“काथवटीत बघ.”

तिनं पाहिलं. वरचा फेस, काडीकचरा, पातळ चिखल निघून गेला होता. खाली गाळ होता तेवढाच होता.

ती मुकाट्यानं पुन्हा पाणी ओतू लागली.

“मग सराफांचं नाव घ्या,” ती म्हणाली. “गेल्या साली त्येंनीच हौदावर नवी फरशी घातली. आधी एक कोपरा ढासळलेला हुता, वारा खेळायचा आत. फरशी घातली आनि वाफ कोंडली. त्येंच्यामुळं.”

“हलव.”

तिनं हलवलं. राखी रंगाचं पाणी सांडलं.

“आधी वारा खेळायचा,” मंगळनाथ म्हणाले. “म्हणजे वाफ नव्हती.”

काथवट थांबली.

“मी काय तसं म्हनले न्हाई…”

“तसंच म्हणालीस.”

अंगणात एक होला घुमत होता. तो थांबला की सुंद्राला आपलाच श्वास ऐकू यायचा. ती शब्द शोधत होती. ह्या बाईला आयुष्यात शब्द शोधायची पाळी आली नव्हती. नळावर, बाजारात, सोनारांच्या पायरीवर, जिथं जाईल तिथं तिचंच शेवटचं वाक्य असायचं.

“मग त्योच हावरा हुता,” ती एकदम म्हणाली. “मल्हारी. लहानपनापासनं. ताटातली भाकर संपायच्या आधी दुसरीवर डोळा. सांगून ऐकंल तर शपथ. मेला आपल्या करनीनं.”

“हलव.”

तिच्या हाताखाली तो गाळ होता. त्याच्या नखांतला.

“हलव की. मल्हारी म्हण आणि हलव.”

“…न्हाई हलवत.”

“का?”

“न्हाई म्हनले ना.”

मंगळनाथ तिच्याशेजारी डोणीच्या काठावर बसले.

“त्याला सोन्याची हाव होती, खरं आहे,” ते म्हणाले. “पण हाव असलेली माणसं मरणाला भितात. ‘वाफ आहे’ म्हटल्यावर सगळ्यात आधी तीच मागं सरतात. मल्हारी सरला नाही. सख्खी बहीण ओरडत होती तरी. का?”

“लबाड समजत हुता मला.”

“का?”

“तायाप्पानं भरवलं हुतं त्येच्या मनात.”

“काय भरवलं होतं?”

सुंद्रानं फाटकाकडं पाहिलं. सावल्या लांब व्हायला लागल्या होत्या. वस्तीच्या बाजूनं बायकांचे आवाज ऐकू येऊ लागले. आता थोडाच वेळ होता. थोड्या वेळानं ह्या माणसानं एक नाव घ्यायचं होतं, आणि तायाप्पाचं घेतलं नाही तर कुणाचं घेतील, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तायाप्पा गेले तीन दिवस सोललेले हात पुढं करून एकच सांगत होता. सुंद्रामुळं. सुंद्रामुळं. निम्मी वस्ती त्याच्या बाजूची झाली होती.

“अवचित घावला हुता मला त्यो हौद,” ती शेवटी म्हणाली. आवाज खाली आला होता. “नऊ वर्सं झाली. शेळी हुडकत गेले आनि ढासळलेल्या कोपऱ्यातनं आत बघितलं. बांबूला पळी बांधली, ढवळून बघितलं. बाबा, पैली काथवट धुतली तवा तळ पिवळा झाला. माज्या आयुष्यात तसं कधी बघितलं नव्हतं. माज्या आईनंबी बघितलं नसंल.”

“मग तू हाक दिलीस.”

त्या वस्तीत चोरीला एक वेळ क्षमा होती. पण नवी जागा सापडल्यावर हाक न देण्याला नव्हती. सापडली की सापडणाऱ्यानं उभं राहून सगळ्या वस्तीला ओरडून सांगायचं. पहिली काथवट त्याची, दुसरीपासून सगळ्यांची. म्हाताऱ्यांची, आजाऱ्यांची, बाळंतिणीची, सगळ्यांची.

“न्हाई दिली,” सुंद्रा म्हणाली.

मंगळनाथ हातातलं उलथनं फिरवत राहिले.

“वाटलं, अजून एक काथवट. मग दिऊ. उद्या दिऊ. मग वाटलं, पोरीचं लगीन हुंदे. मग लगीन झालं. मग घरावर पत्रा पडंस्तवर. मग पत्राबी पडला. मग…” ती थांबली. “मग कशासाठी ते म्हाईत न्हाई, बाबा. घरात पुरून ठेवलंय. त्येचं काय करायचं ते अजून म्हाईत न्हाई.”

“आणि कुणी तिकडं फिरकू नये म्हणून?”

“म्हनले, हौदात वाफ हाय. मानूस गुदमारतं.”

“लोकांनी मानलं?”

सुंद्रानं चटकन वर पाहिलं. तोंड उघडलं. मिटलं.

“हलव,” मंगळनाथ म्हणाले.

“कुनाचं नाव घिऊन?”

“तुला माहीत आहे.”

होला उडून गेला. सुंद्रानं काथवट दोन्ही हातांनी घट्ट धरली, जशी धरायची तशी, कोपरं पोटाशी.

“सुंद्रा,” ती म्हणाली. आवाज फाटका होता. परवा फाटलेला. “नऊ वर्सं खोटं बोलले. दहाव्या साली खरं बोलले. कोन ऐकंल? फरशी पडायच्या आधी तायाप्पानं मला बांबू घिऊन आत वाकताना बघितलं हुतं. चांगली धडधाकट, गानं म्हनत. त्येनं ते समद्या वस्तीला सांगितलं. म्हनून मल्हारी हसला. म्हनला, अक्का, आता आमालाबी खाऊ दे… हसतच उतरला त्यो.”

ती हलवत राहिली. पाणी सांडत राहिलं. डोळ्यांचंही त्यात पडत असेल, पण तिनं पुसलं नाही. हात थांबवून पुसायची तिला सवय नव्हती. गाळ निवळत गेला. तळाशी काळी वाळू उरली. काळ्या वाळूच्या कडेला, नखाएवढ्या जागेत, एक पिवळी रेघ उमटली.

“राहिलं,” ती म्हणाली. “हेच जड हुतं. घ्या माजं नाव. काडा तोंड. चला, झालं.”

“झालं नाही,” मंगळनाथ म्हणाले.

“आता काय ऱ्हायलं?”

“मी विचारलं, लोकांनी मानलं का. तू सांगितलं नाहीस.”

“जाऊ द्या की ते.”

“सांग.”

सुंद्रानं काथवट खाली ठेवली. आता तिचा मूळचा आवाज परत आला. रागाचा.

“न्हाई मानलं. झारेकऱ्याला काय कळत न्हाई व्हय? लोक म्हनले, दिवा टाकून बघू. उद्या समदी मिळून जाऊ. मी हितं आले. तुमच्या पाया पडले, खरं काय ते सांगितलं. समदं सांगितलं, ह्याच ओट्यावर. म्हनले, बाबा, एवढा येळ सांभाळून घ्या, मठाला इसरनार न्हाई. तुमी काय बोलला न्हाई. नुसतं वर बघितलं. शिखर बोडकं हुतं मठाचं.”

मंगळनाथांनीही वर पाहिलं.

“त्याच अमावस्येला गोष्ट झाल्यावर तुमी वस्तीला सांगितलं. हौदाकडं जाऊ नका, तिथं मानूस जगत न्हाई. बास. नऊ वर्सं कुनी तिकडं थुकायलाबी गेलं न्हाई. माजं काय हो, मी ओरडून मेले असते तरी कुनी ऐकलं नसतं. तुमचा शब्द हुता.”

“आणि परवा?”

“परवाबी आधी हितंच आले. दिवा इझला तशी नीट हितं पळत आले. म्हनले, बाबा, आता खरंच वाफ हाय, तुमी चला, तुमचं ऐकतील. तुमी माळ ओढत बसला. उठला न्हाई.”

“मला वाटलं, तुला अजून एकटीलाच खायचंय,” मंगळनाथ म्हणाले. “मीही नाही ठेवला विश्वास.”

ते उठले. हातातलं उलथनं कमरेला खोचलं आणि मठाच्या मागच्या पायऱ्या चढून गच्चीवर गेले. सत्तरीचा माणूस. सुंद्राला वाटलं, पडतील. ते शिखराला धरून उभे राहिले, कळसाला मिठी मारली आणि तो पिळून पिळून सैल केला. खाली आले तेव्हा त्यांच्या छातीला चुना लागला होता.

कळस त्यांनी तिच्या काथवटीत ठेवला. काळ्या वाळूवर. मल्हारीच्या गाळावर.

“जड आहे?” त्यांनी विचारलं.

सुंद्रानं नुसतं पाहून सांगितलं. तिला उचलावं लागलं नाही.

“आत तांबं. पोकळ. वरनं सोन्याचा पातळ वर्ख. मीच दिल्यालं सोनं, मला ठावं न्हाई व्हय.”

“हलव.”

“बाबा…”

“हलव.”

तिनं काथवट पुन्हा डोणीवर घेतली, पाणी ओतलं. हलवलं. कळस काथवटीच्या काठावर ठणठणत फिरला. वाळू गेली. पिवळी रेघही विस्कटून गेली. मल्हारीचं म्हणून जे उरलं होतं तेही पाण्याबरोबर डोणीत उतरलं. कळस तिथंच.

“हे वाहून जात न्हाई, बाबा,” सुंद्रा म्हणाली.

“नाही ना.”

फाटकाशी माणसं आली.

आधी वस्तीचा म्होरक्या कोंडीबा. मग बायका, पदर डोईवर, कुणी कुणाशी बोलत नाही. मल्हारीची बायको आली आणि खांबाला पाठ लावून बसली. तायाप्पा आला. दोन्ही हात फडक्यांत बांधलेले, कोपरांपासून वर धरलेले. मागं त्याची बायको मंजुळा, एक हात पोटावर, दुसऱ्या हातात बोचकं. बोचकं आधीच बांधून आणलं होतं तिनं. वर नवऱ्याची काथवट. फोडायला.

कळस काथवटीत पाहून लोक थबकले. कोंडीबानं शिखराकडं पाहिलं, काथवटीकडं पाहिलं. पण आज विचारायचं दुसरंच होतं.

“बाबा,” तो म्हणाला, “तायाप्पा म्हनतो सुंद्रा. सुंद्रा म्हनती तायाप्पा. मानूस गेलंय, त्यामुळं आमी कुनी बोलत न्हाई. तुमी घ्याल ते नाव. त्येच्यावर कुनाचं काय न्हाई.”

मंजुळानं खाली मान घातली. तिचे ओठ हलत होते. देवाचं नाव घेत असेल, नाहीतर वाटेतली गावं मोजत असेल.

सुंद्रा उभी राहायला गेली. आता सांगून टाकावं, असं तिच्या मनात आलं. खरंच आलं. पण ती परत बसली. इतक्या वर्षांत तिनं वस्तीला हाक दिली नव्हती, ती आज कुठून देणार. तिच्या तोंडून “मी” एवढंच निघालं, तेही पुटपुटल्यासारखं. खांबाशी बसलेल्या भावजयीला तेवढं ऐकू गेलं. तिनं मान वळवून पाहिलं. पहिल्यांदाच, तीन दिवसांत.

मंगळनाथ भिंतीकडं गेले. कमरेचं उलथनं काढलं. ज्या हातानं तवा खरवडत होते त्याच हातानं ठेकेदाराचं तोंड खरवडलं. आधी चष्मा गेला, मग नाक, मग ओठ. खालून सावकाराची चामखीळ डोकावली, ती गेली. तिच्याखालून पागोट्याचा एक पदर निघाला, तोही गेला. उरली पांढरी माती. पोट तसंच होतं, सोनं ओतणारा हात तसाच होता.

त्यांनी चुलीतला एक विझलेला कोळसा उचलला. आजवर दर वेळी ते स्वतःच काढायचे. आज तो त्यांनी सुंद्राच्या हातात दिला.

“तू काढ,” ते म्हणाले.

लोकांत चुळबुळ झाली. तायाप्पानं डोळे मिटून घेतले. त्याला वाटलं, संपलं.

सुंद्रा कशीबशी उठली. भिंतीपुढं उभी राहिली. तिनं कोळसा एवढा घट्ट धरला की भिंतीला लागण्याआधीच तो तुटला. अर्धा खाली पडला.

मंगळनाथांनी पायांतल्या खडावा काढल्या, कोंडीबाच्या पुढ्यात नीट जोडून ठेवल्या. मग येऊन तिच्यासमोर भिंतीला टेकून बसले. मावळतीचं ऊन ओट्यावर तिरपं येत होतं. त्यांनी मान थोडी वळवली, तोंड उन्हात धरलं, कानांतल्या मुद्रांवरून जटा मागं सारल्या. नीट दिसावं म्हणून.

कुणालाच काही कळेना. कोंडीबानं धीर करून विचारलं, “बाबा, पर कुनाचं काडायचं? नाव तर घ्या.”

“मंगळनाथ.”